काल्बुबूच्या नावाची निळी पट्टी

किर्गिझ डोंगरातल्या सारी-ताल गावात कुणी गोधडी अंथरली की बायकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "यात कोण कोण आहे?"

मग गोधडीवाली एकेका ठिगळावर बोट ठेवत जाते. हा तपकिरी ताईत (त्रिकोणी ठिगळाला ताईतच म्हणायचं) खालच्या आळीतल्या सुईणीचा. पंच्याऐंशीला गेली, शेवटपर्यंत सुईत दोरा स्वतः ओवत होती. ही लाल पट्टी सासऱ्यांच्या थोरल्या बहिणीची. नऊ बाळंतपणं आणि नऊही पोरं जगली. हा पांढरा मुल्लाच्या आईचा, जरा खडूस होती पण हाडं लोखंडाची. ऐकणाऱ्या माना डोलावतात. रंग जुळले नाहीत, टाके वाकडे गेले, कड सुटली तरी कुणी बोलत नाही. पण ज्या ठिगळाला माणूस नाही त्याच्यावर बोट थांबलं की सगळ्या चहाच्या वाटीत बघायला लागतात.

ही माणसं येतात मयतातून. पिकलं पान गळलं, नातवंडं-पतवंडं बघून कुणी गेलं, की घरच्या बायका कापड आणतात, हातानंच त्याच्या पट्ट्या फाडतात आणि आलेल्या प्रत्येकीला एकेक देतात. त्याला जिर्तिश म्हणतात. कात्री लावायची नाही. पट्टीबरोबर त्या माणसाचं लांब आयुष्य घरी येतं, आणि गोधडीत शिवलं की पाठीखाली, उशाखाली, पाळण्यात मुक्कामाला राहतं. तरणं माणूस गेलं तर पट्ट्या वाटत नाहीत. वाटल्या तरी घेणार कोण?

उल्कानच्या गोधड्यांना माणसं नव्हती. तिच्या हातासारखा हात पंचक्रोशीत नव्हता, चार ताइतांची टोकं अशी भिडवायची की सुई टोचायलाही फट सापडू नये. पण तिचं कापड यायचं बिश्केकहून. तिची एकुलती एक मुलगी पेरिझात तिथल्या शिवणाच्या कारखान्यात होती. कापून उरलेली कातरणं मुकादम पोत्यात भरून फेकायला ठेवायचा, ती पोतंच उचलून घरी आणायची. कोरं, चकचकीत, न धुतलेलं कापड. कुणाच्या अंगाला न लागलेलं.

शेजारची बातिना गोधडी उलटीपालटी करून बघायची आणि म्हणायची, "शिवण झकास आहे गं. पण एकालाही आई ना बाप. अनाथाश्रम काढलायस तू."

"आणि तुझ्या गोधडीत अकरा म्हाताऱ्या," उल्कान म्हणायची. "पाठ टेकायला जागा तरी उरते का?"

पेरिझात असली तर मधे पडायची. "बातिना मावशी, या तुकड्यांच्या बाजूचं कापड कुठे गेलं असेल? त्याचे झगे झालेत. कुठल्या कुठल्या गावांत बायका घालून फिरतायत. म्हणजे माणसं आहेतच की यात. फक्त ओळखीची नाहीत."

"ओळख नाही तर पाहुणा कसला," बातिना म्हणायची, आणि तिथेच विषय संपायचा. बातिना वादात हरली असं गावानं कधी पाहिलेलं नाही.

पेरिझात चोवीस वर्षांची असताना दोलोनच्या घाटात गाडी घसरली. मार्च महिना, बर्फ वितळून पुन्हा गोठलेलं. बाकीचे जखमी झाले, ती गेली. मयत घरी आलं, मागोमाग तिचं सामान आलं. त्यात कातरणांचं पोतं नव्हतं. एक घडी केलेलं अख्खं कापड होतं, निळं सुती, बारीक पांढऱ्या ठिपक्यांचं. आदल्या दिवशी ती फोनवर म्हणाली होती, "या खेपेला चिंध्या नाहीत. अख्खं कापड आणतेय, तुला झगा शीव. जन्मभर उरलंसुरलं वापरायची खोड लागलीय तुला."

उल्काननं ते कापड पेटीत तळाशी ठेवलं आणि वर उन्हाळी चादरी रचल्या.

यानंतर उल्कानला काय वाटत होतं, असं विचारलं तर उत्तर एकच, काही नाही. लोकांना हे पटत नाही. आई म्हटली की तिनं जमिनीवर अंग टाकलं पाहिजे, केस मोकळे सोडले पाहिजेत. उल्काननं मयताच्या दिवशी आलेल्यांचे बूट रांगेत लावले. गायींची धार वेळेवर काढली. रडगाणं म्हणायला बायकांनी तिला मधे बसवलं तेव्हा तिनं तोंड उघडलं आणि आवाज आला नाही. मग दुसऱ्या कुणीतरी म्हटलं. दोन वर्षं अशीच गेली. चहानं जीभ भाजायची आणि ते तिला दुसऱ्या दिवशी साल निघाल्यावर समजायचं. सूप खारट झालं म्हणून नवरा, तुर्गुन, चमचा खाली ठेवायचा, तेव्हा ती चाखून बघायची आणि तिला खारट लागायचं नाही. सुई तिनं हातात धरली नाही. त्यामागे काही निश्चय वगैरे नव्हता, कोपऱ्यात सुई होती आणि ती उठून तिथवर जात नव्हती, इतकंच.

सासू काल्बुबू मात्र जगली. अंथरुणाला खिळलेली, एक्याण्णव वर्षांची. उल्कान तिला भरवायची, कूस वळवायची, पाय चोळायची. म्हातारी अधूनमधून विचारायची, "पोरगी कधी येणार?" उल्कान म्हणायची, "रस्ता बंद आहे." ते खोटंही नव्हतं.

शरद संपता संपता काल्बुबू झोपेतच गेली. एक्याण्णव वर्षं, दात नव्हते पण कान शाबूत, कुणाशी उभा दावा नाही. असलं मरण म्हणजे गावाला सणच. अंगणात तंबू उभा राहिला, पुरुषांनी घोडा कापला, चुलीवर तेलात कणकेचे बोर्सोक फुगायला लागले. तीन गावांच्या बायका आल्या. या वेळी उल्काननं सासूचं रडगाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटलं, चाल चुकली नाही की शब्द चुकला नाही. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. पोटच्या पोरीला एक हुंदका नाही आणि सासूला सगळी कडवी! कुणाला काय सांगणार? सासूचं दुःख ठरलेल्या मापाचं होतं, ते तिच्या तोंडात मावलं.

पट्ट्या फाडायचं काम बातिनाकडे होतं. तिचे दात मजबूत. कापडाची कड दातांनी तोडायची आणि दोन्ही हातांनी ओढायची, टर्रर्र. नातेवाइकांनी आणलेलं पांढरं कापड दुपारीच संपलं आणि अंगणात अजून बायका उभ्या होत्या.

"उल्कान!" ती ओरडली. "कापड! बायका काय रिकाम्या हातानं जाणार आता? म्हातारीची अब्रू जाईल!"

उल्कान आत गेली. तिनं पेटी उघडली, हात घातला, घडी निघाली ती आणून दिली. तिला दिसलं नाही असं नाही. निळं दिसलं, ठिपकेही दिसले. पण दिसणं आणि कळणं यांच्या मधला रस्ताही दोन वर्षं बंदच होता. बातिनानं कड चावली. टर्रर्र. उल्कान शेजारी उभी राहून पट्ट्या हातावर घेत राहिली आणि बायकांना देत राहिली, एकीला एक, दोन्ही हातांनी.

बायका खूश झाल्या. एरवी मयतात स्वस्तातलं पांढरं मिळतं, ही तर ठिपक्यांची निळी. "काल्बुबूनं जाता जाता रंग उधळला," अनार अपा म्हणाली. अनार अपा गावातली आता सगळ्यांत म्हातारी. काल्बुबू गेल्यानं तिचा नंबर वर आला होता आणि तिला ते आवडलं होतं.

बर्फ पडायला लागलं तेव्हा बातिनाची सून झेनेप बाळंत झाली. मुलगा. त्याआधी तिची दोन गेली होती, एक पोटात आणि एक पाळण्यात. म्हणून बातिना पंजे झाडून कामाला लागली. मूल जगावं म्हणून चाळीस तुकड्यांचं झबलं शिवतात, चाळीस घरांतून तुकडे मागून. चाळिसाव्या दिवशी बाळाला आंघोळ घालून ते अंगावर चढवायचं. बातिनानं साधे तुकडे घेतलेच नाहीत. ज्या घरात कुणी ऐंशीच्या वर जगलंय, त्याच घरची पट्टी तिला हवी होती.

आंघोळ दोन दिवसांवर आली तेव्हा तिनं उल्कानला चहाला बोलावलं आणि झबलं मांडीवर पसरलं. "हं, ओळख. छातीवर कोण बसलंय?"

छातीवर निळं होतं. बारीक पांढरे ठिपके.

"तुझी सासू!" बातिना म्हणाली. "बाकी सगळ्यांना काखेत नि पाठीवर टाकलं, पण काल्बुबू बरोबर काळजावर. एक्याण्णव म्हणजे काय गंमत आहे? बघ झेनेप, आता या पोराला मरण हात लावायला धजेल का?"

झेनेप बाळाला पाजत होती. ती हसली. या घरात ती हसलेली उल्काननं पहिल्यांदाच पाहिली.

उल्काननं चहा संपवला, वाटी उपडी घातली, घरी आली आणि पेटी उघडली. चादरी काढल्या. तळाशी लाकूड होतं.

रात्रीचं जेवण झाल्यावर तिनं तुर्गुनला सांगितलं. तुर्गुन मेंढ्यांशी बोलतो त्याहून माणसांशी कमी बोलतो. त्यानं बराच वेळ दात कोरले. मग म्हणाला, "सांगू नकोस."

"पोरगं ते अंगात घालणार आहे."

"कापड आहे ते. कापडच."

"नुसतं कापड असतं तर बायका थंडीत उभ्या राहून कशाला न्यायला आल्या असत्या?"

"सांगितलंस तर उसवून फेकतील," तुर्गुन म्हणाला. "जिथे जिथे लावलंय तिथून. पोरीचं कापड उकिरड्यावर जाईल. गप्प बसलीस तर गावभर राहील. पाळण्यात, गाद्यांत."

तो चुकीचं बोलत नव्हता. पेरिझात गावभर शिवलेली होती आणि गाव तिला काल्बुबू म्हणून छातीशी धरत होतं. पण चोवीस म्हणजे चोवीस. झेनेपची दोन गेलेली. उल्कानचा पट्ट्यांवर विश्वास होता का? तिला स्वतःलाच ठाऊक नव्हतं, त्या दिवसांत तिचा कशावरच नव्हता. बातिनाचा होता. झेनेपचा होता. दुसऱ्याच्या पोराच्या काळजावर आपण काय ठेवलंय, हे आपल्याला ठाऊक आणि त्याच्या आजीला नाही, हे मात्र तिला झोपू देईना. दुःखानं जाग आली असती तर तिला समजलं असतं. हे तसलं नव्हतं, बुटात खडा राहावा तसं होतं.

सकाळी ती बातिनाकडे गेली. आंघोळीच्या जेवणासाठी नव्या गाद्या भरायच्या होत्या, पाच-सहा जणी लोकर झोडपत बसल्या होत्या. अनार अपा भिंतीला टेकून सगळ्यांच्या चुका काढत होती. उल्कान उंबऱ्यातच उभी राहिली.

"ती निळी पट्टी सासूबाईंची नाही," ती म्हणाली. "पेरिझातची आहे."

काठ्या थांबल्या.

"काय?" बातिना म्हणाली.

"तिनं माझ्यासाठी आणलेलं कापड होतं. पेटीत होतं. त्या दिवशी तू मागितलंस, मी तेच दिलं."

"तुला दिसलं नाही?"

"दिसलं."

"मग?"

"मग काही नाही. हातात होतं, दिलं."

बातिनाचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. "दोन गेलीत हिची," ती म्हणाली, आवाज न चढवता. आणि बातिनानं आवाज न चढवणं हे ओरडण्यापेक्षा वाईट. "दोन, उल्कान! आणि मी छातीवर चोवीस वर्षांची... घाटातली..." तिनं पुढचं गिळलं. कोनाड्यातून झबलं काढलं, सुई घेतली आणि टाके उचकायला लागली. शेवटचा टाका तिनं दातानं तोडला.

झेनेप बाळाला घट्ट धरून कोपऱ्यात सरकली. बोलली नाही. सून होती.

"माझ्या नातीच्या पाळण्याच्या पट्ट्याला लावलीय मी," एक जण म्हणाली आणि बूट अर्धवट चढवून बाहेर पळाली.

"मी रुखवताच्या गादीत घातलीय," दुसरी म्हणाली. "गेल्या जुम्म्याला गादी पोचलीसुद्धा! आता व्याहिणीला काय सांगू? गादी परत द्या, आत चुकीचं माणूस गेलंय?"

एक जण फिस्सकन हसली आणि लगेच डोक्यावरच्या रुमालाआड खोकली.

"आधी का नाही बोललीस?"

"काल समजलं."

"तुझ्या स्वतःच्या पोरीचं कापड, आणि तुला काल समजलं?"

"हो," उल्कान म्हणाली.

तेवढ्यात अनार अपानं काठी आपटली. "माझ्याकडे बघू नका. मी देणार नाही परत. उशीच्या अभ्र्याला शिवलीय."

"अपा, पण ती तर..."

"मला काय लहान मुलगी समजता? माझं कुणाकडून आयुष्य घ्यायचं राहिलंय? चौऱ्याऐंशी झाली, कंटाळा आलाय. आणि तुमच्या त्या गोधड्यांतल्या म्हाताऱ्या रात्रभर कण्हतात. उशाशी एक तरणी पोर असली तर काय बिघडलं? हसरी होती. मला बिश्केकहून चष्म्याची दोरी आणून दिली होती तिनं." मग उल्कानकडे वळून म्हणाली, "दार लाव. वारा येतोय. आत ये नाहीतर जा."

उल्कान गेली.

पट्ट्या दुपारपासून यायला लागल्या. तुर्गुनचं म्हणणं एवढ्यापुरतं खोटं ठरलं, उकिरड्यावर कुणी टाकली नाही. बायका दारात येत आणि दोन्ही हातांनी देत, घेतली होती तशीच. कुणी धुऊन इस्त्री करून आणली. कुणाची नुसतीच ठेवलेली होती, घडीही मोडलेली नव्हती. काहींना टाक्यांची भोकं होती, लाल, पिवळे, हिरवे दोरे लोंबत होते. एकीचा त्रिकोण झाला होता, एकीची गोल टिकली. पाळण्यावालीच्या पट्टीला दुधाचा वास होता. चहाला कुणी थांबलं नाही.

"राग नाही हो उल्कान," एक जण म्हणाली. "पोर गुणाची होती. पण ठेववत नाही."

"समजलं."

"तू ओरड तरी माझ्यावर."

"कशाला?" उल्काननं विचारलं. तिला खरंच कळत नव्हतं.

ती पट्ट्या पेटीवर ठेवत गेली. ढीग वाढला. आता आपल्याला काहीतरी होईल, अशी ती मधूनमधून वाट बघत होती, शिंक येणार असं वाटून माणूस थांबतं तशी. काही झालं नाही. तिनं सगळ्या पट्ट्या एका फडक्यात बांधल्या. त्यांचा झगा होणार नव्हता एवढं नक्की. पुढचं पुढे.

उन्हं डोंगराआड जायच्या बेतात असताना बातिना आली. बूट न काढता उंबऱ्यात उभी राहिली आणि झबलं समोर धरलं. छातीच्या जागी भोक. त्यातून तिचा अंगठा बाहेर आला होता.

"एकोणचाळीसच भरले," ती म्हणाली.

"कुणाचं तरी घाल. सासूबाईंच्या खऱ्या पट्ट्या आहेत की गावात, पांढऱ्या."

"मेलेल्यांचं नको आता. धसका घेतलाय मी. कोण कोणाच्या नावानं आत शिरेल, भरवसा नाही. तुझा दे."

"माझा?"

"अंगावरचा. तुझ्या घरचा तुकडा होता, तुझ्याच घरून भरायचा."

"बातिना, मला एकच पोर होती आणि ती राहिली नाही. माझं काय लावतेस नातवाला?"

"तू जिवंत आहेस ना?" बातिना फणकारली. "की दोन वर्षं मी भुताबरोबर चहा पितेय? ती म्हातारी एक्याण्णव वर्षं जगली ती काय हवेवर? घास कुणी भरवले?" मग तिनं नाक पुसलं. "आणि तू आज बोलली नसतीस तर मला मरेपर्यंत कळलं नसतं. तुझ्या जागी मी असते तर बोलले नसते, खोटं कशाला सांगू. आता उभी राहू नकोस, अंधार पडतोय."

उल्काननं स्वतःकडे पाहिलं. घरात घालायचा तपकिरी झगा, फ्लॅनेलचा, कोपरांना विरलेला, धारेच्या वेळचे डाग पडलेले. ती खाली बसली. झग्याच्या घेराला कडेची शिवण होती तिथे तिनं नखानं दोन टाके उसवले आणि मग कड दातांत धरली. साबणाची चव होती आणि गायीची. कड तुटली. दोन्ही हातांनी ओढलं.

टर्रर्र. एका शिवणीपासून दुसऱ्या शिवणीपर्यंत, सरळ, कुठे वाकडी न जाता.

"रंग काय मेला," बातिना पट्टी उजेडात धरून म्हणाली. "शेणाचा."

"पोराला कुठे रंग कळतो."

"त्याच्या आईला कळतो ना. बोलेल काही? सून आहे." तिनं पट्टी झबल्यात गुंडाळली आणि झबलं कोटाच्या आत, छातीशी कोंबलं. "उद्या ये. आंघोळीला पोराच्या अंगावर पाण्याचे चाळीस चमचे तू घाल. आणि तोंड जरा बरं करून ये, पोरगं भिईल."

ती अंगण ओलांडून गेली. उल्कान चरवी घेऊन गोठ्याकडे निघाली. झगा पुढून आता वीतभर आखूड होता. अंगणाच्या मध्यावर तिच्या नडगीला वारा झोंबला, चांगलाच बोचरा. ती थांबली, खाली वाकून पायाकडे पाहिलं. मग चरवी तिथेच ठेवून परत आत गेली, पेटीतून लोकरीचे मोजे काढले, बाकावर बसून दोन्ही पायांत गुडघ्यापर्यंत ओढून घेतले, आणि पुन्हा धार काढायला गेली.